फाइलच्या नावाची लिपी आणि ब्राउझर : पार्श्वभूमी

‘अहवाल’ या शब्दात युनिकोडची, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या मानकाची, पाच चिन्हे आहेत. ती बाइटांत लिहिण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत त्यांचे १५ बाइट होतात, आणि वेबपत्त्यात प्रत्येक बाइट टक्केचिन्ह व दोन षोडशमान अंकांनी (०-९, ए-एफ) लिहावा लागत असल्याने हेच नाव तिथे ४५ अक्षरे व्यापते. हे बाइट लॅटिन-१ (पश्चिम युरोपीय भाषांचा जुना अक्षरसंकेत) समजून वाचले, तर पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग दिसते आणि तिच्यात डोक्यावर तिरकी रेघ असलेला लॅटिन ‘ए’ पाचदा येतो. फाइल शाबूत असते. फक्त तिच्या नावाचे बाइट कोणत्या पद्धतीने वाचायचे, हे कोणी सांगितलेले नसते.

ही उणीव जुनी आहे. १९६३च्या आस्की या अमेरिकी अक्षरसंकेतात १२८ जागा होत्या. त्यापलीकडची अक्षरे प्रत्येक प्रदेशाने आपापल्या संकेतांत बसवली. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि १९९२ मध्ये केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ची रचना केली. तरीही १९९४च्या वेबपत्त्यांच्या नियमाने आस्कीबाहेरचे बाइट टक्केचिन्हाने लिहायला सांगितले, पण ते बाइट कोणत्या संकेतातले धरायचे हे ठरवले नाही.

डाउनलोडचे नाव सर्व्हरने फाइलसोबत पाठवलेल्या ज्या शीर्षकातून (हेडर) ब्राउझरला कळते, ते ‘कंटेंट-डिस्पोझिशन’ मुळात ईमेलचे. नावासोबत संकेतही नोंदवण्याची सोय १९९७च्या आरएफसी २२३१ या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजात होती, मात्र १९९९च्या एचटीटीपी १.१ या वेब-संवादाच्या नियमावलीने हे शीर्षक आपल्या मानकाचा भागच मानले नाही. मग इंटरनेट एक्सप्लोरर टक्केचिन्हांचे नाव थेट उलगडू लागला, फायरफॉक्सने २२३१ची वाट धरली, सफारीला कच्चे यूटीएफ-८ बाइट लागत. सर्व्हर लिहिणाऱ्यांना समोरचा ब्राउझर ओळखून वेगवेगळे उत्तर पाठवावे लागे. माझ्या मते यात ब्राउझरांपेक्षा मानकाच्या मौनाचा दोष मोठा आहे. ते मौन २०११च्या आरएफसी ६२६६ने संपवले : एक साधे नाव जुन्या ब्राउझरसाठी, दुसरे तारांकित नाव संकेताच्या उल्लेखासह नव्यांसाठी. फॉर्ममधून फाइल चढवताना मात्र हेच तारांकित रूप २०१५च्या आरएफसी ७५७८ने निषिद्ध केले.

डिस्कवरचा पेच याहून सूक्ष्म आहे आणि मराठीला तो थेट भिडतो. लिनक्सला नाव म्हणजे केवळ बाइटांची मालिका. मॅकची १९९८ची एचएफएस प्लस पद्धत मात्र नावातली जोडचिन्हे सुटी करून साठवत असे. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ’ हे युनिकोडमध्ये एक चिन्ह आहे, आणि तो साधा ‘र’ व नुक्ता (अक्षराखालचा टिंब) अशा दोन चिन्हांनीही लिहिता येतो. त्यामुळे अशा मॅकवरून चढवलेली ‘दुसऱ्या फेरीची यादी’ आणि दुव्यात टंकलेले तेच नाव डोळ्यांना सारखे दिसले, तरी लिनक्स सर्व्हरवर ती दोन वेगळी नावे ठरतात आणि ब्राउझरला फाइल सापडत नाही. म्हणून चढवलेले नाव साठवण्याआधी सर्व्हरनेच ते जोडरूपात, म्हणजे युनिकोडच्या एनएफसी रूपात, आणून ठेवावे लागते.