दारू सोडायला दाखल व्हायचंय? लेबर कार्ड आणि दवाखान्याचे कागद कुठे अडतात

'दाखल झालो तर लेबर कार्ड जाईल.' बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या साइटवर ही भीती इतकी मुरली आहे की हात कापायला लागले तरी गवंडी आणि सेंट्रिंगवाले सिव्हिलची पायरी चढत नाहीत. लेबर कार्ड म्हणजे कर्नाटकच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळाची नोंदणी, आणि ती सुटण्याची कारणं ठरलेली आहेत: वयाची साठी, वर्षात ९० दिवस काम न होणं, आणि वर्गणी-नूतनीकरण थकवणं. व्यसन किंवा त्यावरचा उपचार या यादीत नाही.

९० दिवसांचा हिशेब बहुतेक जण चुकीचा करतात. अट अशी: वय १८ ते ६०, आणि मागच्या १२ महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामाचं काम. दिवस सलग नकोत, एकाच ठेकेदाराकडचेही नकोत. जानेवारीपासून मोजू नका, अर्जाच्या तारखेपासून मागे मोजा. महिनाभर व्यसनमुक्तीत गेला तरी वर्षाचे ३३५ दिवस हातात राहतात. एक खाचखळगा मात्र आहे. कामावरच्या अपघाताने घरी बसलेला काळ मोजणीतून वगळतात, व्यसनाच्या उपचाराचा वगळत नाहीत. तेव्हा उपचारानंतर महिनोन्‌महिने घरीच बसायची वेळ आली, तर कार्डाच्या नूतनीकरणाची तारीख आधी काढून बघा.

नोंदणीत खरं घोडं अडतं ते कामाच्या दाखल्यावर. ठेकेदार सही देत नाही, कारण सही दिली की साइटवर किती माणसं राबत होती ते कागदावर येतं. मग लोक पैसे मोजून भलत्याच ठेकेदाराचा शिक्का आणतात. कामगार निरीक्षकाने दाखल्यावरच्या नंबरवर फोन केला की पलीकडचा म्हणतो, 'हा कोण? मी ओळखत नाही.' अर्ज तिथेच संपतो. बोगस कार्डांचा सुळसुळाट झाल्यापासून ही तपासणी कडक आहे आणि त्याचा त्रास खऱ्या कामगारालाच जास्त होतो. ठेकेदार नाहीच म्हणाला तर नोंदणीकृत कामगार संघटना, ग्रामपंचायतीचे पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) किंवा कामगार अधिकारी यांचा दाखला मागा. ई-श्रम कार्ड वेगळं, ते केंद्र सरकारचं. ते दाखवून मंडळाची कुठलीही मदत मिळत नाही.

नावाचा घोळ आपल्या सीमाभागाचा खास. आधारवर नाव कन्नडवरून इंग्रजीत आलेलं, शाळेच्या दाखल्यावर मराठीवरून, बँकेत तिसरंच. ऑनलाइन अर्जाला माणूस कळत नाही, अक्षरं कळतात. आधी आधार आणि पासबुक एकसारखं करून घ्या, खातं आधारला जोडा, मगच ग्रामवन या सरकारी सेवा केंद्रात जा. फोटो आणि मोबाइल नंबर ही किरकोळ बाब. फक्त नंबर स्वतःचा द्या. मुकादमाचा दिला तर ओटीपी त्याच्याकडे जातो आणि नूतनीकरणाच्या वेळी तो गोव्यात असतो. फॉर्म कन्नडमध्ये असले तरी गाऱ्हाण्याचा अर्ज मराठीत देता येतो, घटनेच्या कलम ३५० ने तो हक्क दिला आहे. घेणारा कुरकुरला तर पोच मागा.

आता दवाखाना. तालुका इस्पितळात मंगळवारी मनोचैतन्य दवाखाना असतो, तिथे मानसोपचार तज्ज्ञ येतात. बेळगावला बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं सिव्हिल, त्यापुढे धारवाडची डिमहान्स ही सरकारी मानसोपचार संस्था. बीपीएल कार्ड नाही म्हणून कुणी परत पाठवलं तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १८ सांगा. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला सरकारी किंवा सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत हे उपचार फुकट मिळाले पाहिजेत, बीपीएल कार्ड हातात असो वा नसो. दारू आणि नशेच्या पदार्थांमुळे होणारा आजार या कायद्यात येतो. हे खिडकीवरच्या माणसाला ठाऊक नसतं, म्हणून तोंडी वाद न घालता कलम लिहून अर्ज द्या.

दुसरा अडणारा कागद म्हणजे प्रतिनिधीचं नाव. रुग्णाला स्वतः निर्णय घेता येत नसेल तर त्याच्या वतीने बोलणारा कोण, हा प्रश्न येतो. घरचं माणूस हजर असेल तर तेच चालतं. पण विजापूर किंवा उत्तर प्रदेशातून आलेल्या मजुराचं इथे कोण? त्याने शुद्धीत असताना साध्या कागदावर विश्वासातल्या माणसाचं नाव लिहून सही किंवा अंगठा करून ठेवावा. स्टॅम्प पेपर लागत नाही, नोटरी लागत नाही, आणि हा कागद कधीही बदलता येतो. मुकादमाचं नाव घालू नका. ज्याच्याकडे मजुरी अडकली आहे, त्याच्या हातात उपचाराचा निर्णय देऊ नये.

घरच्यांनी दोन गोष्टी मनावर घ्याव्यात. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडून त्याला खोलीत कोंडू नका. शेवटच्या घोटानंतर ६ ते १२ तासांत थरथर सुरू होते, २४ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊन माणूस दगावूही शकतो. अशा वेळी मंगळवारची वाट बघायची नसते, १०८ ला फोन करायचा. आणि भाजीत गुपचूप मिसळायची 'दारू सोडवायची पूड' आणू नका. त्यात डायसल्फिराम हे औषध असेल आणि वर दारू पोटात गेली, तर जिवावर बेतू शकतं.

परांचीवरून पडून हाड मोडलेल्याचे घरवाले डॉक्टरला हमखास सांगतात, 'पीत नाही हो.' कारण एकच: भरपाई बुडेल. मग ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी रुग्ण कापायला लागतो आणि का ते कुणालाच कळत नाही. भरपाईचा कायदा नीट वाचा. नशेमुळे अपघात झाला म्हणून मालकाला अंग काढून घेता येतं, पण मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर नाही. १९२३ च्या कायद्यात तसं होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तसंच आहे. त्याहून कमी इजेतसुद्धा अपघात थेट नशेमुळेच झाला हे दाखवावं लागतं. केसपेपरवर 'तोंडाला वास' एवढं लिहिलं म्हणून ते सिद्ध होत नाही. सैल फळी, नसलेला बेल्ट, उघडं डक्ट यांचे फोटो त्याच दिवशी काढा. दुसऱ्या दिवशी फळी बदललेली असते.

गांजावाल्यांची भीती पोलिसांची. अमली पदार्थांच्या (एनडीपीएस) कायद्याच्या कलम ६४अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाण बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून उपचाराला गेला तर त्याच्यावर खटला चालत नाही. गांजाचं अल्प प्रमाण म्हणजे १ किलोपर्यंत. पण व्यसनमुक्ती केंद्र हे सरकारी किंवा सरकारमान्य हवं, आणि उपचार अर्धवट सोडला तर ही सवलत काढून घेता येते. घाटाखालच्या कुठल्याशा बंगल्यात साखळीने बांधून ठेवणाऱ्या 'केंद्रा'चा कागद इथे कामाचा नाही. साखळदंड तर कायद्यानेच बंद आहेत. पैसे भरायच्या आधी मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी बघायला मागा.

चौकशीसाठी फुकट नंबर: व्यसनमुक्ती १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस १४४१६, मंडळाच्या कामासाठी १५५२१४.

डिस्चार्ज घेताना केसपेपर, डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची बिलं यांच्या झेरॉक्स काढून मूळ कागद घरी ठेवा. कामावर परत जायचा फिटनेस दाखला घेताना डॉक्टरांकडून 'उंचीवर काम नको' किती आठवडे ते लिहून घ्या. थरथर थांबवायच्या गोळ्यांनी गुंगी येते, आणि मुकादम पहिल्याच दिवशी स्लॅबवर चढवतो. तोवर बार वाकवणं, चाळण किंवा स्टोअरचं काम मागून घ्यावं.