चंद्रावरचं लेणं आणि दहा गुंठ्यांची हवा

मे महिन्यात नाशिकच्या पांडवलेण्याच्या पायऱ्या चढताना भाच्याने दोनदा बसकण मारली. दहाव्या लेण्याच्या ओसरीत शिरलो तेव्हा कुठे जीवात जीव आला. बाहेर रणरण, आत दगड गार. छिन्नीच्या खुणांवरून हात फिरवत तो म्हणाला, "मामा, चंद्रावर पण असंच कोरून राहायचं ना?"

पोरगं चुकीचं बोललं नव्हतं. हा डोंगर काळ्या दगडाचा, म्हणजे बेसाल्टचा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. चंद्रावरचे काळे डाग, ज्यांत आजी आपल्याला ससा दाखवायची, तेही बेसाल्टचेच. फक्त बहुतेक तीन अब्ज वर्षांहून जुने. आणि ऊन अडवण्यात तिथली माती आपल्या दगडापेक्षा वरचढ. ऑगस्ट २०२३ मध्ये चंद्रयान-३ च्या विक्रम लँडरने जमिनीत तापमापक खुपसला, तेव्हा वर पन्नास अंशांच्या पुढे आणि जेमतेम ८ सेंटिमीटर खाली उणे दहा अंशांच्या आसपास तापमान निघालं. किरणोत्सार आणि उल्कांचे खडे यांपासून बचावायलाही दोन-तीन मीटर मातीचं पांघरूण हवंच.

मात्र एक गंमत आहे. आपल्याकडे छप्पर कोसळेल याची भीती, तिथे ते उडून जाण्याची. खोलीत आपल्यासारखी हवा भरली की ती छताच्या प्रत्येक चौरस मीटरला सुमारे दहा टनांच्या जोराने बाहेर ढकलते, आणि बाहेर तर पोकळी. एक मीटर जाड बेसाल्ट इथे चौरस मीटरला तीन टन भरतो; चंद्रावर गुरुत्वाकर्षण एक षष्ठांश, म्हणून त्याचा भार जेमतेम अर्ध्या टनाएवढा. नुसत्या दगडाच्या वजनाने ती हवा दाबून ठेवायची तर वीस मीटर जाड छत लागेल! म्हणून चंद्रावरच्या वस्तीच्या खोल्या फुग्यासारखा ताण सोसणाऱ्या हव्यात, वरून माती टाकलेल्या.

आयती लेणीही तिथे आहेत. लाव्हा वाहून गेल्यावर मागे उरलेल्या पोकळ नळ्या. शांतिसागरात, म्हणजे चंद्रावरच्या एका काळ्या डागात, अशा पोकळीत उतरणारी एक विहीर सापडली आहे, सुमारे शंभर मीटर रुंद. तिच्या सावलीतलं तापमान १७ अंशांच्या आसपास राहत असावं, असा २०२२ चा अंदाज आहे. म्हणजे आपल्या डिसेंबरातली सकाळ. पण पाणी? ते बर्फाच्या रूपात आहे ध्रुवांजवळच्या, कधीच ऊन न पाहिलेल्या विवरांत. घर एकीकडे, पाणी दुसरीकडे. त्र्यंबक-पेठकडच्या बायकांना हे वेगळं सांगायला नको.

प्राणवायूची चिंता त्यामानाने कमी. चंद्राच्या मातीचं चाळीस टक्क्यांहून जास्त वजन प्राणवायूचंच असतं. माती वितळवून त्यातून वीज सोडली की तो सुटा होतो आणि खाली लोखंड-सिलिकॉन उरतं. वीज भरपूर लागते, आणि चौदा दिवसांची रात्र हा वेगळाच वैताग, पण मार्ग आहे.

खरी अडचण भाच्याला दाखवायला मी ओसरीतल्या शिलालेखाकडे बोट केलं. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात त्यात सांगतो की हे लेणं आणि या पोढ्या, म्हणजे पाण्याची टाकी, खोदवली. त्याच ओसरीतल्या दुसऱ्या लेखात म्हणतो, तीन हजार कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे ठेवले आहेत. व्याजातून भिक्षूंच्या कपड्यांचा खर्च भागावा. डोंगराने निवारा दिला, पाणी दिलं. कापड मात्र खालच्या गावातूनच यायचं.

चंद्राच्या दगडातही जे मुळीच पुरेसं मिळत नाही, ते म्हणजे कार्बन आणि नायट्रोजन. एक टन मातीत साधारण शंभर ग्रॅम नायट्रोजन, तोही सूर्यवाऱ्याने, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या झोताने, आणून टाकलेला. आता मोहाडी-जानोरीकडचं एखादं दहा गुंठ्यांचं पॉलिहाऊस डोळ्यांसमोर आणा. चार मीटर उंची धरली तर आत सुमारे चार हजार घनमीटर, म्हणजे पावणेपाच टन हवा, त्यातला साडेतीन टनांवर नायट्रोजन. तेवढा चंद्राच्या मातीतून काढायचा तर ३६ हजार टन माती भाजावी लागेल. दहा टनी डंपरच्या ३,६०० फेऱ्या, आणि अजून एक रोप लागलेलं नाही! हवा विरळ ठेवली तर आकडा उतरतो, पण एअरलॉक, म्हणजे बाहेर जायची दुहेरी दारं, उघडताना दर वेळी थोडी निसटतेच.

बरं, सगळं आत कोंडलं म्हणून गाडी चालते असंही नाही. ॲरिझोनातल्या 'बायोस्फिअर २' मध्ये १९९१ साली आठ जण काचेच्या बंद बागेत राहायला गेले. सोळा महिन्यांत प्राणवायू २०.९ वरून साडेचौदा टक्क्यांवर आला. माती फारच सुपीक भरली होती. तिच्यातले जिवाणू प्राणवायू खात सुटले, आणि त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड ताज्या काँक्रीटने गिळला, त्यामुळे झाडांना तो परत मिळाला नाही. शेणखत जास्त झाल्याने माणसं धापा टाकू लागली, असं ऐकलंय कधी?

म्हणून वर्तमानपत्रातलं काचेच्या घुमटांचं चित्र पाहिलं की मी त्यात शौचालय शोधतो. माणूस दिवसाला १०-१२ ग्रॅम नायट्रोजन लघवीतून टाकतो. आपल्याकडे तो गटारात जातो. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाने २०२३ मध्ये ९८ टक्के पाणी परत मिळवून दाखवलं, त्यात लघवीतलंही आलं. पण उरलेला खारट गाळ, ज्यात पिकाच्या कामाचं बरंच काही असतं, तो तिथे अजून कचराच आहे.

"ई," भाचा म्हणाला, आणि बाटलीतलं उरलेलं पाणी घटाघटा पिऊन पायऱ्या उतरायला लागला.