व्होरा समिती का नेमावी लागली?

राजकारणी, अधिकारी आणि टोळ्यांच्या साटंलोट्याचा विषय निघाला की व्होरा समितीचं नाव येतंच. पण ती नेमण्याची वेळ का आली, हे समजायचं तर मुंबईतल्या हातभट्ट्यांपासून आणि रायगडच्या किनाऱ्यापासून सुरुवात करावी लागते.

मुंबई राज्यात १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा आला. वस्त्यावस्त्यांत हातभट्ट्या लागल्या आणि त्या चालू राहाव्यात म्हणून हप्ते जाऊ लागले. १९६३ पासून सोन्यावर सरकारी नियंत्रण आलं, १९६८ मध्ये त्याचा स्वतंत्र कायदा झाला. सोन्याची तस्करी फोफावली. हाजी मस्तान, वरदराजन, करीम लाला ही नावं याच काळात मोठी झाली. माणसं बदलली, धंदे बदलले. हप्त्याची घडी मात्र विस्कटली नाही. सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला, तोवर किनाऱ्यावरच्या नाक्यांना डोळे मिटून घ्यायची पुरती सवय लागली होती.

त्या सवयीची किंमत १९९३ मध्ये चुकवावी लागली. जानेवारीत रायगडच्या किनाऱ्यावर दिघीला तस्करीचा माल उतरला. तो घेऊन निघालेल्या गाड्या गोंडघर फाट्यावर पोलिसांनी रात्री अडवल्या. तिथेच सौदा झाला. मागितलेली रोकड हाताशी नव्हती, तर तारण म्हणून चांदीच्या विटा ठेवून घेतल्या आणि गाड्या सोडून दिल्या. त्या मालात शस्त्रं होती. फेब्रुवारीत श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला आरडीएक्स उतरलं. १२ मार्चला मुंबईत स्फोट झाले. २५७ माणसं गेली, सातशेहून अधिक जखमी झाली. पुढे खटल्यात पोलिस आणि कस्टमचे अधिकारीही दोषी ठरले. त्या रात्री फाट्यावर एकाने जरी गाडीची ताडपत्री वर करून आत पाहिलं असतं तर, हा विचार मनातून जात नाही. चांदी असो की आरडीएक्स, पैसे घेणाऱ्याने मालाकडे पाहायचंच नाही, हा तिथला जुना रिवाज होता आणि तोच घातक ठरला.

टोळ्यांना राजकारणी आणि अधिकाऱ्यांचं पाठबळ कसं मिळतं हे पाहायला जुलै १९९३ मध्ये केंद्राने गृहसचिव एन. एन. व्होरा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. रॉ, आयबी, सीबीआय यांचे प्रमुख तिच्यात होते. ऑक्टोबरमध्ये अहवाल तयार झाला. टोळ्यांचं जाळं जवळजवळ समांतर सरकारच चालवत आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. विषय इतका नाजूक की व्होरांनी अहवालाच्या तीनच प्रती काढल्या आणि तिसरी स्वतःकडे ठेवली.

अहवाल जवळजवळ दोन वर्षं तसाच पडून राहिला. जुलै १९९५ मध्ये दिल्लीत नैना सहानी हत्याकांड घडलं, त्यात युवक काँग्रेसचा पदाधिकारी आरोपी निघाला, संसदेत गदारोळ झाला, तेव्हा कुठे ऑगस्टमध्ये तो सभागृहात ठेवला गेला. तोही मोजक्या पानांचा. ज्या माहितीवर तो उभा होता ती बाहेर आली नाही. खासदार दिनेश त्रिवेदी ती मागायला सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९७ मध्ये न्यायालयाने ती उघड करण्यास नकार दिला. गुप्तवार्ता यंत्रणांच्या कामाचा प्रश्न होता हे मान्य केलं, तरी या साटंलोट्यातली नावं कायमची झाकली गेली हे पटत नाही. लोकांनी मत कुणाला द्यायचं, याच्याशी त्यांचा थेट संबंध होता.

महाराष्ट्राने १९९९ मध्ये मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा, आणला. त्याची चर्चा टोळ्यांपुरतीच होते, पण कलम २४ सरकारी नोकरांसाठी आहे: टोळीला मदत करणाऱ्या किंवा जाणूनबुजून कारवाई टाळणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. तेलगीच्या बनावट मुद्रांक प्रकरणात काही पोलिस अधिकाऱ्यांवर हेच कलम लागलं. गोंडघर फाट्यावर जे घडलं, त्यासाठी राज्याच्या कायद्यात स्वतंत्र कलम यायला सहा वर्षं गेली.