पार्श्वभूमी : रीझनिंग आलं कुठून आणि सीसॅटमध्ये त्याचं काय झालं

धुळे-जळगावच्या स्पर्धा परीक्षांच्या कुठल्याही अभ्यासिकेत ‘रीझनिंगचे (म्हणजे तर्काचे) प्रकार किती’ असं विचारलं, तर नातेसंबंध, दिशा, सांकेतिक भाषा, अंकमालिका, विधान-निष्कर्ष अशी यादी ऐकायला मिळते. बारावी कला शाखेतून तर्कशास्त्र घेऊन आलेला एखादा असेल, तर तो निगमन (नियमावरून निष्कर्ष) आणि विगमन (उदाहरणांवरून नियम) म्हणेल. याद्या दोन्ही बरोबर आहेत, पण त्यांची घराणी वेगळी आहेत.

निगमन-विगमनाचं घराणं जुनं. ग्रीकांनी दोन विधानांतून तिसरं काढण्याचे नियम बसवले. आपल्या न्यायदर्शनाने अनुमानाला पाच अवयव दिले आणि त्यात उदाहरणालाही जागा ठेवली. खान्देशाला हा वारसा परका नव्हता. चाळीसगावजवळच्या पाटणला चांगदेवाने आपल्या गणितज्ञ आजोबांचे, भास्कराचार्यांचे, ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. त्याचा १२०७ चा शिलालेख आजोबांच्या गणिताइतकंच त्यांच्या सांख्य-वैशेषिकातल्या अधिकाराचं कौतुक करतो. (मठाला लावून दिलेल्या करांचा तपशील मात्र चोख जुन्या मराठीत!) पुढे १९१६ साली अमळनेरला गिरणीमालकाच्या देणगीतून तत्त्वज्ञानाची संस्था उभी राहिली. तत्त्वज्ञानाचं इंग्रजी त्रैमासिक तिथून निघत असे. भर अर्थात वेदान्तावर होता.

एकोणिसाव्या शतकात एका अमेरिकी तत्त्वज्ञाने तिसरा प्रकार वेगळा काढला. दिसलेल्या खुणेवरून सर्वांत पटणारं कारण ओळखायचं, असा तो. रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या पानांवर पिवळे पट्टे दिसले की शेतकरी ‘सीएमव्ही’ (एक विषाणूजन्य रोग) म्हणतो आणि झाड उपटून नष्ट करतो. विधान-निष्कर्षाच्या प्रश्नात हेच उत्तर चुकीचं ठरतं. रोग असेल तर पट्टे येतात, पण पट्टे आले म्हणून रोगच असं त्यातून निघत नाही. अन्नद्रव्य कमी पडलं तरी पान पिवळं होतं. डॉक्टर, मेकॅनिक, तपास करणारा पोलीस, सगळे याच तिसऱ्या प्रकारावर चालतात. तरी भरतीच्या पेपरात त्याला जवळपास थारा नाही, कारण ओएमआर शीटला एकच गोल हवा असतो.

अभ्यासिकेतली यादी जन्मली ती बुद्धिमापनातून. १९०५ मध्ये फ्रान्समध्ये शाळकरी मुलांसाठी पहिली चाचणी तयार झाली. १९१७ नंतर अमेरिकी सैन्याने सुमारे १७ लाख जवानांना अशाच चाचण्या दिल्या. त्यांत अंकमालिका होत्या, समसंबंध होते. आपल्याकडे स्कॉलरशिपच्या बुद्धिमत्ता चाचणीतून हे सगळं गावोगाव पोचलं आणि पोलीस भरतीच्या पेपरात पक्कं बसलं.

खरा वाद पेटला तो सीसॅटवरून, म्हणजे प्रशासकीय सेवांच्या पूर्व परीक्षेतल्या उतारे आणि तर्काच्या पेपरवरून. केंद्रीय लोकसेवा आयोगाने (यूपीएससी) २०११ मध्ये पूर्व परीक्षेतला वैकल्पिक विषय काढून हा पेपर आणला. राज्य लोकसेवा आयोगाने (एमपीएससी) २०१३ पासून तोच कित्ता गिरवला: ८० प्रश्न, २०० गुण, आणि हे गुण थेट गुणवत्ता यादीत. दिल्लीत २०१४ ला आंदोलन झालं. आधी इंग्रजी उताऱ्यांचे गुण वगळले गेले आणि २०१५ पासून ३३ टक्के मिळवले की पुरे, असं ठरलं. राज्यात मात्र जुनीच पद्धत २०२२ पर्यंत चालली. त्या वर्षीच्या पूर्व परीक्षेपासून इथेही पेपर केवळ पात्रतेपुरता उरला.

पेपर पात्रतेपुरता करा अशी मागणी करणाऱ्यांचं म्हणणं होतं की इंजिनिअरिंगची मुलं या पेपरात गुण खेचतात आणि कला शाखेची, खेड्यातली मुलं सामान्य अध्ययन चांगलं असूनही बाहेर पडतात. त्यात तथ्य होतं. घरी अहिराणी, भिलोरी किंवा पावरी बोलणाऱ्या नंदुरबारच्या मुलासाठी प्रमाण मराठीतला लांबलचक उतारा ही आधी भाषेची परीक्षा असते, विचारांची नंतर. उलट बाजू म्हणत होती की पाठांतरापलीकडे काही तपासणारा हा एकच पेपर आहे. तेही खरं होतं.

पण दोन्ही बाजूंनी पेपर अख्खा धरला. अर्ध्याहून जास्त प्रश्न उताऱ्यांचे होते, त्यामुळे मुलांना वेळ पुरत नसे. तर्काचे प्रश्न त्यांच्या तुलनेत थोडे होते आणि सरावाने येणारे होते. त्यासाठी पुण्याच्या क्लासचीही गरज नव्हती. अमळनेरच्या वाचनालयात बसूनही ते जमत. निर्णयक्षमतेच्या मोजक्या प्रश्नांत चुकलं तरी गुण कापले जात नसत, आणि त्या तिसऱ्या प्रकाराच्या सगळ्यांत जवळ जाणारे प्रश्न तेच. उतारे कमी करून तर्काचं वजन राखता आलं असतं. तसं न होता दोन्ही एकाच तराजूतून उतरवले गेले. अन्याय दूर झाला हे मान्य. पण आता बरीच मुलं ‘२०० पैकी ६६ पुरे’ म्हणत हा पेपर शेवटच्या महिन्यावर ढकलतात.

दरम्यान मुख्य परीक्षा पर्यायांची न राहता लेखी उत्तरांची करायचं राज्य आयोगाने ठरवलं. २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात त्याविरुद्ध आंदोलन झालं आणि अंमलबजावणी २०२५ वर गेली. त्या पेपरात निष्कर्षाबरोबर त्याची कारणंही लिहावी लागतात, आणि अंकमालिकेचा सराव तिथे फारसा कामाला येत नाही.