पेपरची अट आली आणि गेली : खानदेशातल्या पदव्युत्तर संशोधनाची पार्श्वभूमी

नव्या शैक्षणिक धोरणामुळे २०२३-२४ पासून एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी. करणाऱ्या प्रत्येकाला संशोधन करावंच लागतं. पहिल्या सत्रात ४ श्रेयांकांची (क्रेडिट) संशोधन पद्धती, तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्या सत्रात ६ श्रेयांकांचा प्रकल्प. तेव्हापासून जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलेजांत स्टाफरूमच्या दाराशी एकच प्रश्न ऐकू येतो : "सर, विषय कोणता घेऊ?" उत्तरंही बहुतेक ठरलेली. प्राणिशास्त्रवाल्याला धरणाचं पाणी नाहीतर पक्षी, वनस्पतिशास्त्राला सातपुड्यातल्या औषधी वनस्पती, समाजकार्याला धडगाव-अक्कलकुव्यातलं कुपोषण, वाणिज्य आणि व्यवस्थापनाला ग्राहकाचं वर्तन. यातला शेवटचा विषय सगळ्यांत पटकन संपतो, म्हणून त्याच्याकडे रांग लांब. असं का झालं हे समजायला पीएच.डी.च्या नियमांकडे, विशेषतः प्रबंधाआधी एक शोधनिबंध म्हणजे 'पेपर' छापून आणायच्या अटीकडे बघावं लागतं, कारण आज एम.एस्सी.च्या मुलांना विषय देणारे गाईड त्याच नियमांच्या चाळणीतून आले आहेत.

जुना काळ थोडक्यात. जळगावचं विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० ला सुरू झालं. त्याआधी पीएच.डी.ची नोंदणी असो की व्हायवा, सगळ्यासाठी पुणं गाठायचं. शेतीचं संशोधन आधीपासून राहुरीच्या कृषी विद्यापीठाकडे होतं, आणि १९९८ ला नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ झाल्यावर वैद्यकीय शिक्षण तिकडे गेलं. त्यामुळे केळीवरच्या करप्याचा अभ्यास करणारा आणि केळी विकत घेणाऱ्याचा अभ्यास करणारा, दोघं रावेरचे असले तरी कागदावर दोन वेगवेगळ्या विद्यापीठांचे. एकमेकांचे प्रबंध ते वाचत असतील असं वाटत नाही.

या भागातल्या संशोधनाची सगळ्यांत गाजलेली गोष्ट मात्र कुठल्याच विद्यापीठाची नाही. ती रानपिंगळ्याची. हे छोटं घुबड १८७३ मध्ये शास्त्राला माहीत झालं आणि १८८४ नंतर त्याची खात्रीची नोंद झालीच नाही. खानदेशातले काही जुने नमुने इथे नेमणुकीवर असलेल्या एका ब्रिटिश सनदी अधिकाऱ्याने गोळा केलेले. मध्ये १९१४ ची गुजरातमधली एक नोंद होती. तिच्या भरवशावर लोकांनी तिथे शोध घेतला आणि हात हलवत परतले. पुढे उघड झालं की तो नमुना संग्रहालयातून चोरून, नव्याने भरून, खोटी चिठ्ठी लावून ठेवलेला होता. ती नोंद बाद करून खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणं धरली, तेव्हा परदेशी पक्षीतज्ज्ञांना नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला. तब्बल ११३ वर्षांनी. त्यानंतर तोरणमाळच्या जंगलात त्याच्या वर्तनाचा अभ्यास झाला आणि यावलमध्येही तो सापडला. एका खोट्या नोंदीने एवढी वर्षं भलतीकडे फिरवलं, हे पुढच्या हकिगतीसाठी लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आता मुख्य मुद्दा. १९९१ पासून प्राध्यापक व्हायला नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा लागायला लागली. मग एम.फिल. (पीएच.डी.च्या आधीची संशोधन पदवी) झालेल्यांना तीतून सूट द्यायची की नाही यावर विद्यापीठ अनुदान आयोगाने अनेकदा मत बदललं. २००६ मध्ये सूट मिळाली आणि पुढची दोन-तीन वर्षं खानदेशातले कितीतरी शिक्षक तमिळनाडूतल्या विद्यापीठांकडून दूरस्थ एम.फिल. करून आले. जुलै २००९ च्या नियमांनी ते दार बंद केलं. प्रवेश परीक्षा आली, कोर्सवर्क आलं, दूरस्थ पीएच.डी. गेली. यातलं बरंचसं चांगलंच होतं. त्याच नियमांत एक ओळ होती : प्रबंध सादर करण्याआधी तज्ज्ञांकडून लेख तपासून घेणाऱ्या (रेफरीड) नियतकालिकात किमान एक शोधनिबंध छापून आलेला हवा, निदान स्वीकृतीचं पत्र तरी हवं. २०१६ मध्ये तिला जोड मिळाली, परिषदांमध्ये दोन सादरीकरणं. कागदावर वाचलं तर कुणाला आक्षेप असायचं कारण नाही. ज्याला संशोधक व्हायचंय त्याने एक पेपर तरी लिहावा.

घोळ झाला तो सगळ्या विषयांना एकच माप लावल्याने. हतनूर जलाशयावरच्या पक्ष्यांवर काम करणाऱ्याचं बघा. तापी-पूर्णेच्या पाण्यावर स्थलांतरित पक्षी हिवाळ्यात येतात. एक हिवाळा गेला की एक वर्ष गेलं, आणि एका हिवाळ्याच्या आकड्यांवर चांगलं नियतकालिक पेपर घेत नाही. यावल अभयारण्यात काम करायचं तर वन्यजीव कायद्याच्या कलम २८ खाली प्रवेशाची परवानगी लागते. वन्यजीव विभागाचं मुख्यालय नागपूरला, अभयारण्य सातपुड्यात, विद्यार्थी फैजपूरला. परवानगी येईपर्यंत पानगळ होऊन जाते. त्यात यावलच्या जंगलात अतिक्रमणाचा प्रश्न तापलेला असला तर गाईडच म्हणतो, "राहू दे, धरणाचं पाणी घे." म्हणून या भागातल्या प्राणिशास्त्राच्या प्रबंधांत धरणांचं पाणी इतकं. दर महिन्याला बाटल्या भरायच्या, विद्राव्य ऑक्सिजन, पीएच, क्षारता मोजायची, २४ महिन्यांचे तक्ते करायचे. काम कष्टाचं आहे, पण त्यातून नवं काही निघेल याची खात्री देता येत नाही.

आरोग्याचं वेगळं. नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी. भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक मोठ्या संख्येने आहेत. त्यावर काम करायचं म्हणजे रक्ताचे नमुने, संमतीपत्र, नैतिकता समिती. संमतीपत्र मराठीत छापून भागत नाही, समोरची बाई पावरी बोलते. एम.डी.च्या विद्यार्थ्याच्या पाठीशी निदान कॉलेजचं रुग्णालय आणि समिती असते. गृहविज्ञान किंवा समाजकार्याच्या विद्यार्थिनीला असली समिती कुठे बसते हेच माहीत नसायचं. मग विषय सरकत सरकत 'रुग्णांचं समाधान' इथे येऊन थांबतो. रक्त नको, वजन-उंची नको, प्रश्नावली दिली की झालं.

प्रश्नावलीवरून ३८४ या आकड्याकडे येऊ. खानदेशातलेच काय, महाराष्ट्रातले वाणिज्य-व्यवस्थापनाचे प्रबंध उघडले की नमुन्याची संख्या म्हणून हा आकडा पुन्हा पुन्हा भेटतो. तो हवेतून आलेला नाही. ९५ टक्के विश्वासपातळी, ५ टक्के चुकीची मुभा आणि निम्मे-निम्मे मतप्रमाण धरलं की सूत्रातून ३८४.१६ येतं. लोकसंख्या मोठी असली की उत्तर जवळजवळ बदलत नाही. जळगाव जिल्हा ४२ लाखांवरचा, नंदुरबार साडेसोळा लाखांच्या आसपास, दोन्हीकडे ३८४. गणित बरोबर आहे. फक्त त्यात एक गृहीत आहे : माणसं यादृच्छिक पद्धतीने निवडलेली हवीत. इथे फॉर्म वाटले जातात गोलाणी मार्केटमधल्या ओळखीच्या दुकानात, वर्गातल्या मुलांना आणि आताशा व्हॉट्सअॅपवर. 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' अशा पाच खुणा. आठवड्यात विदा (डेटा) जमा, पंधरा दिवसांत काय-वर्ग (chi-square) ही संख्याशास्त्रीय चाचणी, महिन्यात पेपर. वाणिज्याच्या मित्रांना हे वाचून राग येईल, पण त्यांच्यातलेच जाणते खासगीत हेच सांगतात. चांगला ग्राहक-अभ्यास अवघड असतो. सोनं घ्यायला जळगावला येणारं गिऱ्हाईक कुठून येतं, कापसाचे पैसे हातात आल्यावर कधी येतं, कुणाच्या शब्दावर दुकान ठरवतं, हे शोधायला सराफ बाजारात एक आख्खा हंगाम काढावा लागेल. पेपरच्या अटीने तेवढा दम ठेवायला कुणाला भाग पाडलं नाही.

मग आल्या परिषदा. कॉलेजच्या मूल्यांकनात परिषदा आणि प्रकाशनं मोजली जात होती, २०१० पासून प्राध्यापकांच्या बढतीचे गुणही त्यांवर ठरत होते, आणि विद्यार्थ्याला अट पुरी करायची होती. तिघांची गरज एका दिवसात भागवणारी गोष्ट म्हणजे एकदिवसीय आंतरविद्याशाखीय आंतरराष्ट्रीय परिषद. सकाळी दीपप्रज्वलन आणि शाल-श्रीफळ, दुपारी समांतर सत्रं, संध्याकाळी प्रमाणपत्रं. नोंदणी शुल्कातच विशेषांकातला पेपर. अशा एखाद्या विशेषांकाची अनुक्रमणिका वाचण्यासारखी असते : धरणातले प्राणिप्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी), शेजारी मोबाइल खरेदीतलं ग्राहकवर्तन, मग ग्रामीण रुग्णालयातल्या सुविधा, मग अभयारण्य आणि पर्यटन, शेवटी संतसाहित्यातलं पर्यावरण. परिसंस्था, संवर्धन, आरोग्यसेवा आणि ग्राहक एकाच पुठ्ठ्यात बांधले गेले ते असे. शाखांनी एकमेकांशी बोलून काही ठरवलं होतं अशातला भाग नाही.

गंमत अशी की हे विषय खानदेशात खरोखरच एकमेकांत अडकलेले आहेत. धडगावच्या आठवडे बाजारात जंगलातली मुळी विकणारा वैदू घेतला तर वनस्पती, जंगलाचे हक्क, उपचार आणि गिऱ्हाईक हे चारही प्रश्न त्याच्यापाशी आहेत. पण त्याच्यावर निघतात ते वनस्पतींच्या याद्यांचे पेपर : शास्त्रीय नाव, कुळ, उपयोगी भाग, कोणत्या आजारावर. असं ज्ञान देणाऱ्याचा वाटा मानणारा जैवविविधता कायदा २००२ चा, तरी ज्याने ही माहिती दिली त्याचं नाव या याद्यांत क्वचितच सापडतं.

आयोगालाही हे दिसत होतं. जानेवारी २०१७ मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी आली, ३२ हजारांहून जास्त नावांची. मे २०१८ मध्ये तीतून ४,३०५ नावं एकदम काढली. कुणाचा पेपर त्या काढलेल्या नावांत होता तो विद्यार्थी गाईडकडे, गाईड विद्यापीठाकडे आणि विद्यापीठ परिपत्रकाकडे बघत बसलं. २०१९ मध्ये नवी, काटेकोर यादी आली. तिच्यातल्या नियतकालिकांच्या नावाची हुबेहूब नक्कल करणारी संकेतस्थळंही पाठोपाठ आली. अखेर नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत पेपरची अट काढली गेली आणि एम.फिल. बंद झालं. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती यादीही रद्द झाली, नियतकालिक पारखायचं काम संस्थांवर सोडलं.

अट असावी असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा की तेवढा एक पेपर तरी कुणी बाहेरचा वाचायचा, आता प्रबंध थेट बायंडिंगला जाईल. २००९ पासून प्रबंध इंटरनेटवर उघडे ठेवायची तरतूद आहे, त्यामुळे हा मुद्दा मला फार पटत नाही. ज्याला वाचायचं त्याला आख्खा प्रबंध मिळतो.

पण अट गेली ती विद्यार्थ्याची. त्याच २०२२ च्या नियमांत गाईड व्हायला सहायक प्राध्यापकाला किमान ३ आणि सहयोगी प्राध्यापक किंवा प्राध्यापकाला किमान ५ पेपर लागतात. म्हणजे ज्याचे पेपर लवकर होतात तो लवकर गाईड होतो, आणि तो त्याला येतं तेच शिकवतो. सातपुड्यात पायपीट करणारे शिक्षक या रांगेत मागे पडले. एम.एस्सी.च्या प्रकल्पाला आता दोन सत्रं मिळतात. त्यातलं तिसरं पावसाळ्यात सुरू होतं, तेव्हा हतनूरला हिवाळी पाहुणे नसतात. ते येतात तोवर परीक्षा तोंडावर असतात, आणि अभयारण्याचा अर्ज केला असलाच तर तो अजून नागपूरला असतो. त्यामुळे जुलैत विषय विचारायला आलेल्या पोराला गाईड एखादी तयार प्रश्नावली दाखवतो, आणि पोरगाही ती घेऊन जातो.