घामाचा सराव

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात अमेरिकेतल्या एनएफएल या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल (हेल्मेट-पॅड घालून, चेंडू हातात घेऊन खेळायचा खेळ) लीगचे ३२ संघ आपापली सरावशिबिरं सुरू करतात. सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात हंगाम सुरू होतो, म्हणजे हाताशी जेमतेम सहा आठवडे. मिनेसोटात राहणाऱ्या माझ्या भाच्याने तिथल्या व्हायकिंग्ज संघाच्या शिबिराचा एक छोटा व्हिडिओ पाठवला. डोक्यावर हेल्मेट, अंगात हाफ पँट, खांद्याचे पॅड नाहीत, एकमेकांवर आदळणं नाही. खाली त्याने लिहिलं होतं, “मामा, कोट्यवधी डॉलर घेतात आणि पहिले काही दिवस नुसती हलकी पळापळ. लाड आहेत सगळे.”

हे लाड नाहीत. त्या हलक्या दिसणाऱ्या पळापळीत प्रत्येक खेळाडूच्या शरीरात जे घडत असतं, ते मला या खेळातल्या कुठल्याही डावपेचाहून जास्त सुंदर वाटतं.

आधी याच व्हायकिंग्ज संघाची एक गोष्ट सांगतो. २००१ साली त्यांचं शिबिर मँकेटो या गावी होतं. मिनेसोटा म्हटलं की आपल्याला बर्फ आठवतो. पण जुलै-ऑगस्टमध्ये तिथे मैलोन् मैल मका उभा असतो आणि पानांतून इतकी वाफ सोडतो की हवा आपल्या कोकणासारखी दमट होते. याच राज्यातल्या मूरहेड गावी १९ जुलै २०११ रोजी दवबिंदू (हवेतल्या बाष्पाचं दव होऊ लागतं ते तापमान; जितकं जास्त तितकी हवा दमट) ३१ अंश सेल्सिअसपर्यंत गेला होता. कोरी स्ट्रिंगर हा २७ वर्षांचा खेळाडू, सुमारे १५० किलो वजनाचा, ३१ जुलै २००१च्या सकाळी अशाच दमट उन्हात पूर्ण पॅड घालून सराव करत होता. सराव संपल्यावर तो कोसळला. रुग्णालयात नेलं तेव्हा त्याच्या शरीराचं तापमान ४२.७ अंश होतं. १ ऑगस्टच्या पहाटे तो गेला. त्याच्या पत्नीच्या पुढाकाराने आणि लीगच्या मदतीने २०१० मध्ये कनेक्टिकट विद्यापीठात त्याच्या नावाची संस्था उभी राहिली. श्रमातून होणाऱ्या उष्माघातावर आज तिथे महत्त्वाचं काम चालतं.

आता थोडं गणित. स्नायू हे तसं अकार्यक्षम इंजिन आहे. अन्नातून मिळालेल्या ऊर्जेतला फार तर पाचवा-चौथा हिस्सा हालचालीत जातो आणि बाकीच्याची उष्णता होते. १४० किलोचा खेळाडू मध्यम-जड सराव करत असेल तर तासाला सुमारे ८४० किलोकॅलरी खर्च करतो. त्यातल्या सुमारे ६७० किलोकॅलरींची अंगात उष्णता होते. एवढ्या वजनाचं शरीर एक अंशाने तापायला अंदाजे ११६ किलोकॅलरी लागतात. ही उष्णता बाहेर पडलीच नाही, तर तासाला जवळपास सहा अंश! अर्ध्या तासात ३७ चे ४०.

बाहेर पडायचा मुख्य रस्ता घाम. शाळेत शिकलेला अप्रकट उष्मा इथे कामाला येतो: एक लिटर घामाची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी शोषल्या जातात. तासाला सव्वा लिटरच्या आत घाम पूर्ण वाळला तरी हिशोब जुळतो. अट एकच, तो वाळला पाहिजे. हनुवटीवरून ठिबकून गवतावर पडलेला घाम काहीच उष्णता नेत नाही. दमट हवेत आणि पॅडखाली नेमकं हेच होतं.

भारी खेळाडूंची आणखी एक अडचण भूमितीची आहे. आकार वाढतो तसं वजन भराभर वाढतं, पण कातडी त्या प्रमाणात वाढत नाही. पुढच्या फळीतल्या १४० किलोच्या खेळाडूला दर किलोमागे सुमारे १९० चौरस सेंटिमीटर कातडी मिळते. मागे पळणाऱ्या ८५ किलोच्या चपळ खेळाडूला सुमारे २४०. एकाच मैदानावर, एकाच उन्हात, दोघांचं हवामान वेगळं असतं.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही रोज तास-दीड तास उष्म्यात हालचाल करत राहिलात, तर शरीर दहा ते चौदा दिवसांत स्वतःला बदलतं. हा बदल ठरावीक क्रमाने होतो.

सर्वांत आधी रक्त बदलतं. उष्म्यात हृदयाकडे दोन गिऱ्हाईकं एकदम येतात. स्नायूंना प्राणवायूसाठी रक्त हवं, कातडीला उष्णता बाहेर टाकण्यासाठी. विश्रांतीत कातडीकडे मिनिटाला पाव-अर्धा लिटर रक्त जातं. कडक उष्म्यात ते सहा ते आठ लिटरपर्यंत जाऊ शकतं. हे आणायचं कुठून? त्यात घामाने रक्तातलं पाणी कमी होत असतं. मग हृदय धडधडायला लागतं, दर ठोक्याला कमी रक्त, म्हणून ठोके जास्त. पहिल्या दिवशी दमछाक होते ती यामुळे. फुप्फुसं कमी पडतात म्हणून नव्हे.

याला शरीराचं उत्तर म्हणजे रक्तद्रव वाढवणं. रक्तातून पेशी वगळल्या की उरतो तो पिवळसर द्रव म्हणजे रक्तद्रव. सत्तर किलोच्या माणसात साधारण तीन लिटर. उष्म्यातल्या श्रमांनंतर अधिवृक्क ग्रंथींतून अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक जास्त सुटतं. ते मूत्रपिंडाला सांगतं, सोडियम लघवीतून जाऊ देऊ नकोस. सोडियम थांबलं की त्याच्यामागे पाणी थांबतं. शिवाय अल्ब्युमिन हे प्रथिन रक्तवाहिन्यांत वाढतं आणि परासरणाने पाणी आत ओढून धरतं. तीन ते सहा दिवसांत रक्तद्रव दहा टक्क्यांच्या आसपास वाढू शकतो, म्हणजे जवळपास ३०० मिली. दिसायला एक पेलाभर. पण तेवढ्याने हृदयाच्या कप्प्यांत दर ठोक्याला जास्त रक्त भरतं, आणि त्याच कामासाठी नाडीचे ठोके मिनिटाला पंधरा-वीसने कमी होतात. औषध नाही, यंत्र नाही.

यानंतर घामाची पाळी. आपल्या कातडीत वीस ते चाळीस लाख घामग्रंथी आहेत. प्रत्येकीचे दोन भाग: तळाशी वेटोळं, जिथे घाम तयार होतो, आणि वर कातडीपर्यंत येणारी नळी. वेटोळ्यातला द्रव जवळपास रक्तद्रवाइतकाच खारट असतो. नळीतून वर येताना तिच्या भिंती त्यातलं सोडियम परत शोषून घेतात. सवय नसलेल्या माणसाचा घाम भराभर येतो तेव्हा नळीला हे शोषायला वेळ पुरत नाही, आणि मीठ वाहून जातं. काळ्या टोपीवर उमटणारे पांढरे पट्टे त्याचेच. इथे पुन्हा तेच अल्डोस्टेरॉन येतं! ज्या संप्रेरकाने मूत्रपिंडाला सोडियम धरून ठेवायला लावलं, तेच नळीच्या भिंतींतल्या सोडियम वाहिन्या वाढवतं. आठवडा-दीड आठवड्यात घामातलं मीठ निम्म्यावर येऊ शकतं. घाम मात्र वाढतो आणि लवकर येतो: मेंदूतला हायपोथॅलॅमस आता शरीर तापायची वाट पाहत नाही, आधीपेक्षा कमी तापमानालाच ग्रंथींना इशारा देतो. एकच रेणू दोन ठिकाणी एकच निरोप देतो आणि अख्खं शरीर ऋतूला जुळतं, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून नुसता बसून राहिलो होतो.

हे सगळं सुरू असताना पहिल्याच दिवशी अंगावर पॅड चढवले, तर घाम वाळायची जागाच झाकली जाते. म्हणून अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलने २००३ मध्ये नियम केला होता: पहिले दोन दिवस नुसतं हेल्मेट, तिसऱ्या-चौथ्या दिवशी हेल्मेट आणि खांद्याचे पॅड, पूर्ण साज पाचव्या दिवसापासून. व्यावसायिक लीगमध्ये २०११ च्या करारापासून दिवसातून दोनदा पॅड घालून सराव करणं बंद झालं. भाच्याला लाड वाटले ते हे.

पूर्वी उलटं होतं. १९५४ मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचे प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांनी जंक्शन नावाच्या दुष्काळी गावात दहा दिवसांचं शिबिर घेतलं आणि सरावात खेळाडूंना पाणी दिलं नाही. पाणी मागणं म्हणजे कच्चेपणा, ही समजूत कित्येक वर्षं टिकली. मी याला शिस्त म्हणणार नाही. अज्ञानाने घेतलेली ती परीक्षा होती.

आता लंबक दुसऱ्या टोकाला गेला आहे. ‘भरपूर पाणी प्या, म्हणजे उष्माघात होणार नाही’ हेही खरं नाही. पाण्याने घामाचा कच्चा माल पुरतो, पण घाम वाळलाच नाही तर पोटभर पाणी प्यालेला माणूसही तापतो. आणि गरजेपेक्षा फार जास्त पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम पातळ होऊन मेंदूला सूज येते, त्यानेही मृत्यू होतात. १९६५ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात रॉबर्ट केड यांनी तिथल्या फुटबॉल संघासाठी साखर-मिठाचं पेय बनवलं, त्याला कारण होतं. आज त्याच्या नावावर कुठलंही रंगीत पाणी ‘उष्माघातापासून संरक्षण’ म्हणून विकलं जातं, त्याला नाही. आपल्याकडे खिशात कांदा ठेवला की ऊन बाधत नाही, असं अजून सुशिक्षित घरांतही ऐकतो. खिशातला कांदा रक्तद्रव वाढवत नाही, घाम वाळवत नाही, सावलीही देत नाही. त्याचा धोका असा की तो बाळगणारा माणूस निर्धास्त होऊन भर दुपारी बाहेर पडतो. पोलीस भरतीसाठी एप्रिल-मेमध्ये अचानक धावायला लागणाऱ्या मुलांना मी कळकळीने सांगतो: कांदा घरी ठेवा, आणि पहिले दहा दिवस अंतर हळूहळू वाढवा.

तरीही कोणी कोसळला तर? शिबिराच्या मैदानाकडेला बर्फाच्या पाण्याने भरलेला मोठा टब ठेवलेला असतो. सूत्र असं: आधी गार करा, मग रुग्णालयात न्या. गार पाण्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसून उष्णता आतच कोंडेल, अशी शंका पूर्वी डॉक्टरांनाही यायची. पण पाणी हवेच्या वीसपटींहून जास्त उष्णता वाहून नेतं, त्यापुढे ते आकसणं किरकोळ ठरतं. मॅसॅच्युसेट्समध्ये फॉलमथ इथे दर ऑगस्टला सात मैलांची शर्यत होते. तिथल्या अठरा वर्षांच्या नोंदींत २७४ धावपटूंना श्रमजन्य उष्माघात झाला, सगळ्यांना बर्फाच्या पाण्यात बुडवलं आणि २७४ च्या २७४ वाचले. तापमान मिनिटाला सुमारे ०.२ अंशाने उतरत होतं. ४२ वरून ३९ वर यायला पंधरा मिनिटं. रुग्णवाहिका यायलाही बहुधा तेवढीच लागतात.

सराव थांबवायचा कधी, हे साध्या तापमापकावर ठरत नाही. ओल्या फडक्यातल्या तापमापकाला ०.७, उन्हातल्या काळ्या गोळ्यातल्या तापमापकाला ०.२ आणि सावलीतल्या कोरड्या तापमापकाला ०.१ असं वजन देऊन बेरीज करतात. दमटपणाला सत्तर टक्के महत्त्व. १९५०च्या दशकात अमेरिकी सैन्याने नव्या भरतीच्या जवानांना जपण्यासाठी हे माप बनवलं.

एक गोष्ट मात्र नियमांनाही अवघड जाते. शिबिराला येतात नव्वद खेळाडू, अखेर संघात राहतात त्रेपन्न. त्रेपन्नाव्या जागेसाठी धडपडणारा मुलगा मळमळतंय, डोकं गरगरतंय, हे प्रशिक्षकाला सांगायला कचरतो. म्हणून थांबवण्याचा अधिकार प्रशिक्षकाकडे नाही, वैद्यकीय पथकाकडे हवा, असं मला ठामपणे वाटतं.

आणि कमावलेलं हे शरीर टिकतंही नाही. उष्मा थांबला की सवय ओसरते. ढोबळ हिशोब असा की दोन दिवसांच्या खंडाला कमाईतला एक दिवस जातो. मांडी दुखावून दहा दिवस आत बसलेला खेळाडू परतला की त्याला पुन्हा बऱ्याच मागून सुरुवात करावी लागते. रक्तद्रव सर्वांत आधी वाढतो आणि सर्वांत आधी उतरतो.

२५ सप्टेंबर २०२२ रोजी बफेलोचा संघ मायामीत खेळायला गेला. न्यूयॉर्क राज्याच्या थंड पश्चिम टोकाचा संघ, शिबिर कधीच संपलेलं. मायामीच्या मैदानावरचं छत असं बांधलंय की दुपारी यजमानांच्या बाकांवर सावली असते आणि पाहुण्यांच्या बाकांवर ऊन. बफेलोने त्या दिवशी तब्बल ९० चाली खेळल्या, चेंडू बहुतेक वेळ त्यांच्याच हातात होता. एकेक खेळाडू गोळे येऊन, गळून बाहेर पडत गेला. सामना ते १९-२१ असा हरले.