सैल बांधा, तिरके झोपा

आमच्याकडून झोळी (हॅमॉक) घेतलेल्यांसाठी

झोळी घरी नेल्यावर पहिल्या रात्रीनंतर जे फोन येतात, त्यांतले बहुतेक एकाच तक्रारीचे असतात: "पाठ धरली हो, रात्रभर केळ्यासारखं वाकून पडलो होतो." आम्ही विचारतो, किती ताणून बांधली होती? उत्तर ठरलेलं असतं: "चांगली कडक."

खाट कसली की सपाट होते, म्हणून झोळीही होईल असं वाटणं साहजिक आहे. पण झोळीचं उलटं आहे. ताणलेल्या कापडाच्या दोन्ही कडा वर येऊन खांदे आवळतात, गुडघे मागे दाबले जातात आणि कूस बदलायला गेलं की झोळी कलंडते. सैल बांधलेल्या झोळीत कापड मोकळं राहतं, आणि त्या मोकळ्या कापडावरच सपाट झोपता येतं. उसाच्या फडाकडेला लुगड्याची झोळी बांधणारी आई ती कधी ताणून बांधत नाही. पोर खोलात निवांत झोपलेलं असतं.

किती सैल?

झोळीची टोकं झाडाला बांधणाऱ्या पट्ट्याचा उतार ३० अंशांचा हवा. कोन मोजायचं साधन लागत नाही. झाडापासून पट्ट्यावर दोन फूट पुढे आलात की पट्टा एक फूट खाली आलेला असला पाहिजे; दोनाला एक, एवढं ध्यानात ठेवा. ७० किलोचा माणूस या उताराच्या झोळीत झोपला तर प्रत्येक पट्ट्यावर ७० किलोच ताण येतो. उतार १० अंशांवर आला की तोच ताण सुमारे २०० किलो होतो, ५ अंशांवर सुमारे ४००. माणूस तोच, झाडं तीच, फक्त पट्टा ओढला एवढंच. म्हणूनच एकट्या उभ्या विटांच्या खांबाला किंवा फाटकाच्या खांबाला झोळी कधीही बांधू नका, मग तो कितीही मजबूत दिसो. असे खांब वरून येणारं वजन पेलतात, आडवी ओढ नाही, आणि कोसळले तर ते झोपलेल्या माणसाच्या अंगावरच येतात.

आमची झोळी १० फूट लांबीची आहे. तिला दोन झाडांत १२ ते १५ फूट अंतर हवं. दोन्ही हात पसरून मोजलंत तर दोन ते अडीच वाव. १२ फुटांवर पट्टा झाडाला साधारण ५ फूट उंचीवर गुंडाळा, १५ फुटांवर पावणेसहा फुटांवर. बसल्यावर झोळी खुर्चीच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून दीड फुटावर आली की बेत जमला. त्याहून उंच बांधू नका, आणि खालचे दगड आधी बाजूला करा. पायाकडची बाजू डोक्यापेक्षा अर्धी-पाऊण वीत वर ठेवा, नाहीतर पहाटेपर्यंत माणूस घसरत पायथ्याशी जाऊन बसतो.

चढताना आधी हाताने दाब देऊन पाहा. मग पाठ झोळीकडे करून कापड मागे पसरा, बरोबर मध्यावर बसा आणि दोन्ही पाय एकदम आत घ्या.

आता खरी गोष्ट. सरळ रेषेत झोपू नका. डोकं मधल्या रेषेच्या एका बाजूला सरकवा, पाय दुसऱ्या बाजूला. दुकानातल्या आकड्याला झोळी अडकवून आम्ही ग्राहकाला हेच करायला लावतो. पाय हातभर बाजूला गेले की टाचा खाली येतात, कमरेखालचा खड्डा भरून निघतो आणि चेहऱ्यावर ते लगेच दिसतं. कोणाला डावीकडे बरं वाटतं, कोणाला उजवीकडे. दोन्ही करून पाहा. पोटरीखाली कापडाची कड टोचत असेल तर गुडघ्याखाली घडी केलेला सदरा सरकवा. यात आमचं नवीन काही नाही. हॅमॉक हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांच्या 'हामाका'वरून आलाय, आणि ब्राझीलच्या ईशान्य भागात घरोघरी लोक झोळीत तिरकेच झोपतात.

पाठीची थंडी

डिसेंबरात भंडारदऱ्याला जाणाऱ्यांनी हे नक्की वाचावं. स्लीपिंग बॅग चांगली असूनही झोळीत पाठ गार पडते, कारण अंगाखालचा कापूस किंवा पिसं वजनाने दबतात आणि ऊब धरणारी हवाच उरत नाही. खालून वारा लागतो तो वेगळाच. अंगावर पांघरुणं वाढवून उपयोग नाही, खाली काहीतरी हवं. कॅरीमॅट, म्हणजे गुंडाळून नेता येणारी फोमची चटई, बॅगच्या आत घाला, म्हणजे ती रात्री सटकणार नाही. कॅरीमॅट नसेल तर गोधडी दुहेरी करून घाला. काहीच नसण्यापेक्षा खूप बरी. पातळ कापडातून डास खालून चावतात, तेही याने थांबतं.

पट्टे २ इंच रुंदीचे दिलेत ते झाडासाठी. सुतळी किंवा नायलॉनची दोरी सालीत रुतते, आणि झाडाचं अन्न वाहून नेणारा थर सालीलगतच असतो. कृपया दोरी वापरू नका. खोड किमान मांडीएवढं जाड आणि जिवंत असावं. आंबा, जांभूळ उत्तम. शेवगा आणि पांगारा ठिसूळ, ते नकोत. कोकणात नारळाखाली कधीच नाही, फळ केव्हा पडेल सांगता येत नाही. सुरूच्या बनात जोडी पटकन सापडते, पण कुठल्याही झाडाखाली आधी मान वर करून पाहा: अडकलेली वाळकी फांदी, मोहोळ, पानं जोडून केलेलं तांबड्या मुंग्यांचं घरटं. अभयारण्यात मुक्कामाला वनखात्याची परवानगी लागते.

पाऊस असेल तर ताडपत्री आडोशाला बांधाच, शिवाय दोन्ही पट्ट्यांना झोळीच्या अलीकडे वीतभर सुतळीचा तुकडा बांधून लोंबता सोडा. खोडावरून पट्ट्यावर आलेलं पाणी त्या सुतळीवरून खाली ठिबकतं, कापडापर्यंत येत नाही. नायलॉन ओलं झालं की सैलावतं, त्यामुळे झोपण्याआधी बसून उंची पुन्हा एकदा बघा.

तान्ह्या बाळाला या झोळीत झोपवू नका, आणि लहान मुलांना एकटं सोडू नका. गुंडाळी होऊन मूल अडकू शकतं.

धुताना साधा साबण आणि गार पाणी, वाळवताना सावली. उन्हात महिनोन्महिने टांगून ठेवलेलं नायलॉन कुजतं, ते वरून कळतही नाही. दर मोसमाआधी दोन्ही टोकांची शिवण आणि पट्ट्यांचे फास बोटांनी चाचपून पाहा. धागा सुटलेला दिसला तर तशीच वापरू नका, आमच्याकडे आणा, आम्ही नव्याने शिवून देऊ.